राळ भरलेलं फुलपात्र

जुगाड हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारला की माझं डोकं सणकतं. मोटारसायकलवर चालणारं पेरणीयंत्र, कुलरचा केलेला उफणणीचा पंखा, असल्या चित्रफिती लोक मला मुद्दाम पाठवतात. वर लिहितात, "तुमच्या लाइनचं आहे, ताई." माझ्या लाइनचं नाही, बाबांनो. माझी लाइन मोजायची. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी तपासणीला आहे. वस्तू तयार झाली की माझ्या टेबलावर येते, मी ती मोजते, आणि बरोबर असली तर कागदावर माझ्या नंबरचा रबरी शिक्का मारते. शिक्क्याशिवाय वस्तू फाटकाबाहेर जात नाही. एवढीच माझी सत्ता, पण ती मी कुणाच्या बापाला वापरू देत नाही.

आणि आता सांगायचं आहे ते नेमकं बापाचंच.

आमच्या शेठची आधी ओळख करून देते. माणूस वाईट नाही, पण हवेतला. सगळा जन्म ट्रॅक्टरचे बुश आणि पिना बनवण्यात गेला, तेव्हा कधी त्यांना आभाळ दिसलं नव्हतं. मग कुठल्याशा मेळाव्याला गेले, तिथं कुणीतरी पडद्यावर उपग्रह दाखवला, आणि परत आले ते थेट अंतराळात. "ताई, आता आपण एरोस्पेस!" आमच्या संडासाला तेव्हा कडी नव्हती. पण शेठनी खटपट केली, दक्षिणेतल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला भरीस घातलं, आणि त्या गिऱ्हाइकानं परीक्षा म्हणून चार ठोकळे पाठवले. खास जातीचं ॲल्युमिनियम, प्रत्येक ठोकळ्यावर नंबर. चारातला एक जरी ड्रॉइंगबरहुकूम निघाला तर पुढचं काम आमचं, नाहीतर नमस्कार.

बनवायचं काय, तर बूड नसलेलं फुलपात्र. खरंच तसंच दिसायचं ते, एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला जरा पसरट. उपग्रहाला ढकलणाऱ्या लहानशा इंजिनाभोवती ते बसतं म्हणे. भिंत एक मिलिमीटरपेक्षा पातळ, आणि गोलाईत वीस मायक्रॉनपेक्षा जास्त फरक चालणार नाही. वीस मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसाचा तिसरा-चौथा हिस्सा. आता इतकी पातळ वस्तू लेथवर फिरवा आणि तिला हत्यार लावा. ती थरथरते, किंचाळते, अंगावर लाटा उठवते. घट्ट पकडावी तर दबते. दबलेली असताना तासली की मशीनवर गोल दिसते, आणि पकड सोडली की अंडं होते.

या दुखण्यावर इलाज म्हणून शेठनी पुण्याहून एक सल्लागार आणला. साहेबांच्या कामाची सुरुवात शेतावर भरीत-पुरी खाऊन झाली आणि माझ्या मते तिथंच ती संपली. बाकी सगळं लॅपटॉपवर. रंगीत चित्रं काढून ते दाखवायचे, कुठं लाल, कुठं निळं. "इथं स्ट्रेस आहे." अहो, दिसतोय, आमच्या चाचांच्या चेहऱ्यावर दिसतोय! लेथ चालवणारे चाचा धुळ्याचे, हाताला देवाची देणगी असलेला माणूस, आणि साहेब त्यांना सांगत होते की स्पीड कमी करा, आता वाढवा, आता पुन्हा कमी करा. पहिला ठोकळा लाटांनी गेला. दुसरा दबून गेला. मग साहेब म्हणाले, परदेशातून हवेच्या दाबावर धरणारी पकड मागवावी लागेल, तिला आठ महिने लागतील. गिऱ्हाइकानं मुदत दिली होती महिन्याची.

तिसरा ठोकळा मात्र साहेबांनी स्वतः उभं राहून करवून घेतला आणि मशीनवर असतानाच मोजला. "परफेक्ट! बघा मॅडम, पाच मायक्रॉन!"

मी म्हटलं, "पकड सोडा आणि मग मोजा."

"काय गरज आहे?"

"जबड्यात असताना सगळेच सरळ असतात साहेब. सोडल्यावर कळतं."

सोडला. माझ्या टेबलावर आला तेव्हा नव्वद मायक्रॉन वाकडा. मी लाल कागद लावला. साहेब म्हणाले माझं मोजमाप चुकतंय. मी तीनदा मोजून दाखवलं. मग शेठ आले, दार लावून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "ताई, जरा ॲडजस्ट करा ना. मशीनवरचा आकडा तर खरा आहे?" मी नाही म्हटलं. तेव्हा गोडवा गेला. "तीन पीस तुम्ही अडवले. आता एक राहिला. येत्या शनिवारी गिऱ्हाइकाची गाडी येणार. चौथ्यावर तुमचा शिक्का पडला पाहिजे, नाहीतर शिक्का माझ्या टेबलावर ठेवायचा आणि घरी बसायचं. समजलं?"

समजलं. न समजण्यासारखं काय होतं? धुळ्यात घर, नवरा, दोन मुलं, आणि पंधरा वर्षांत कमावलेला एक रबराचा तुकडा. मला माझ्या कामाचा माज आहे, हे मी नाकारत नाही. तो तुकडा गेला असता तर मी काय उरले असते, असा विचार करत मी त्या रविवारी एसटीनं जळगावला माहेरी गेले.

माझे वडील, आबा, सोनार. दुकानवाले नव्हेत, कारागीर. पुढं शोरूम, मागच्या खोलीत आबा, तिला लागून आमचं घर, अशी त्यांची हयात गेली. पोकळ पाटल्या, बुगड्या, वज्रटीक यांत जळगावात त्यांचा हात धरणारा नव्हता. मग साच्यातला माल आला, यंत्रावरची नक्षी आली, आणि आबांकडे तुटलेले फासे आणि सैल झालेल्या फिरक्या तेवढ्या उरल्या. आता तेही कुणी आणत नाही. ओट्यावर बसून जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातल्या दागिन्यांना नावं ठेवणं एवढंच काम. तुच्छता आमच्या घरात वंशपरंपरेनं आलेली आहे. मला ती त्यांच्याकडूनच मिळाली.

मी जेवता जेवता शेठच्या आणि साहेबांच्या नावानं बोटं मोडत होते. आबा भाकरी मोडत ऐकत होते. मधेच म्हणाले, "पोकळ शे का ते?"

"काय?"

"तुन्हं ते फुलपात्र. मधून पोकळ शे ना? मंग राळ भर."

मी हसले. चांगली फिस्सकन हसले. "आबा, पाटली नाहीये ती. उपग्रहाला लागतं ते. पुण्याचे मोठे इंजिनियर डोकं खाजवतायत."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते साच्यातल्या मालाकडे पाहतात. "पोकळ ते पोकळच शे. आभाळमा जावो का बाईना हातमा जावो."

ताटावरचा माझा हात तसाच राहिला. लहानपणापासून मी ते बघत आले होते. पोकळ पाटलीवर नक्षी ठोकायची तर पत्रा आत दबतो. म्हणून आधी तिच्यात वितळलेली राळ ओततात. राळ थिजली की पाटली आतून भरीव होते, मग खुशाल ठोका. काम झालं की गरम करून राळ काढून टाकायची. मी त्या वासात वाढले, पदविका घेतली, मायक्रॉन शिकले, आणि महिनाभर त्या थरथरणाऱ्या फुलपात्राकडे बघताना मला राळ आठवली नाही. साहेबांना मूर्ख म्हणणारी मी, माझी अक्कल कुठं चरायला गेली होती?

"आबा, तुम्ही याल नरडाण्याला?"

"मी कसाले?" असं म्हणाले, पण हात धुवून आले ते सरळ माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लागले.

बुधवारी आबा आले. धुतलेलं धोतर, टोपी, पिशवीत राळेचे खडे, विटकरीची वस्त्रगाळ पूड आणि गोडं तेल. फाटकावरच्या माणसानं पिशवी हुंगली आणि विचारलं, पूजा आहे का? शेठनी मला बाजूला घेतलं. "ताई, हे काय जुगाड?" मी म्हटलं, "शेठ, तुमच्याकडे दुसरं काही आहे का?" नव्हतं. साहेब खुर्चीवर मागं रेलून हसत होते. "रेझिन? ओके. लेट अस सी." त्या 'लेट अस सी'ला मी अजून माफ केलेलं नाही.

चौथ्या ठोकळ्याची आतली बाजू चाचांनी आधीच तासून ठेवली होती. भिंत जाड असताना ती नीट झाली, कटकट सगळी बाहेरून पातळ करताना होती. आबांनी फुलपात्र हातात घेतलं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावला. "रिकामं बोलस," म्हणाले. मग लोखंडी कढईत राळ वितळवली, विटकरीची पूड घातली, तेलाचा थेंब, पुन्हा थेंब. थोडी राळ दगडावर काढून थंड करायची आणि नख दाबून बघायचं. नख रुतलं तर मऊ, तुकडा उडाला तर कडक. सहा वेळा असं केलं. साहेब घड्याळ बघत होते. त्यांनी प्रमाण किती म्हणून विचारलं. आबा म्हणाले, "नख सांगी ते." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं नाही.

राळ एकदम ओतली नाही. एकदम ओतली की थिजताना आकसते आणि भिंत सोडते. तीन थरांत ओतली, प्रत्येक थर आपापला थंड होऊ दिला. त्यात दिवस गेला. गुरुवारी सकाळी चाचांनी भरलेलं फुलपात्र लेथवर चढवलं, आबांकडे बघितलं, आबांनी मान हलवली, आणि हत्यार लागलं.

किंचाळलं नाही. महिनाभर त्या आवाजानं आमचे कान फुटले होते, आणि आता बारीक सळसळ, बस. चाचांनी मशीनवर हात ठेवला आणि म्हणाले, "या अल्ला, ये तो मख्खन है." धातूचं चकचकीत सूत निघत होतं, न तुटता. मला इतका आनंद झाला की मी साहेबांकडे वळून बघितलं. तेवढ्यासाठी. त्यांचा चेहरा बघण्यासाठी. मी काही मोठ्या मनाची बाई नाही.

दुपारी चाचांनी वस्तू मशीनवरून काढली आणि कापडावर ठेवली. आता राळ वितळवून काढायची आणि मोजायचं एवढंच राहिलं होतं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाणी तापवायला गेले. चाचा हात धुवायला गेले. आबा एकटे होते.

आणि मला आवाज आला. टक.

तो आवाज मी जगात कुठंही ओळखीन. आबांच्या पेटीत तिळाएवढ्या पानाचा एक पोलादी ठसा आहे. हॉलमार्क वगैरे आता आलं, पूर्वी कारागीर आपली खूण मालावर मारायचा. दागिना पुरा झाला की आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी ठसा ठेवायचा आणि हातोडीचा एकच टोला. टक. त्या टकवर आई घरात चहाचं आधण ठेवायची, कारण टक म्हणजे काम झालं. मग आबा हात झटकून उठायचे आणि त्यांच्यापुढं कप यायचा. असं आमच्या घरात रोज.

मी धावत गेले. आबा भिंग डोळ्याला लावून समाधानानं बघत होते. काठालगतची राळ खरवडून, आतल्या बाजूला, इवलंसं पान. देखणं उमटलं होतं.

"आबा, हे काय केलं?"

"खूण. नही करी त माल कोना शे ते कसं समजी?"

मी तापलेल्या पाण्यात वस्तू सोडली, राळ काढली, धुतली, पुसली, मोजली. आठ मायक्रॉन. वीस चालतात तिथं आठ. जाडी बरोबर, उंची बरोबर, सगळं बरोबर. आणि काठावर पोलादी ठशाचा खड्डा. ड्रॉइंगवर स्वच्छ लिहिलेलं होतं, कुठंही ओरखडा, खूण, खड्डा चालणार नाही. उगीच लिहिलेलं नसतं ते. पातळ पत्रा तापतो, थरथरतो, आणि चीर अशाच खड्ड्यातून सुरू होते. वर गेल्यावर तिथं डाग देऊन सांधायला मिस्त्री मिळत नाही.

शेठ आले, आठचा आकडा बघून त्यांनी आबांच्या पायाला हात लावला. मग मी त्यांना पान दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "काठालाच आहे. घासून टाका."

"घासलं तर जाडी जाते."

साहेब पुढं झाले. आता त्यांना राळ ही आपलीच कल्पना वाटायला लागली होती. "आपण याला ओळखचिन्ह म्हणू. रिपोर्टमध्ये तसं टाकू." अरे वा रे पठ्ठे! खड्ड्याला चिन्ह म्हणायचं. असल्या शिक्षणापेक्षा गुरं राखलेली काय वाईट?

"ताई," शेठ हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या वडिलांचंच काम आहे. कोण बघतंय? मारा शिक्का."

मी आबांकडे पाहिलं. सगळे त्या पानाभोवती का जमले ते त्यांना कळलं नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं. ताठ बसले होते. खरं सांगते, माझा हात शिक्क्याकडे गेला होता. नोकरीसाठी नव्हे, त्यांच्यासाठी. दुसऱ्या कुणाची वस्तू असती तर मी एव्हाना लाल कागद लावून, दोन टोमणे मारून मोकळी झाले असते. आणि तेव्हा मला माझीच किळस आली.

मी त्यांच्या समोर उकिडवी बसले. "आबा, खोट आहे. ही वस्तू पाठवता येणार नाही."

"काय खोट?"

"तुमची खूण. तिथून तडकेल ती."

आबांनी भिंग लावलं आणि ते पान बराच वेळ पाहिलं. नखानं चाचपलं. मग भिंग काढून विचारलं, "गोल व्हतं का?"

"होतं आबा. आजवर माझ्या टेबलावर इतकं गोल आलं नाही."

"मंग फोड."

रद्द वस्तू चुकून कुणी वापरू नये म्हणून ती कापून टाकायची, असा नियम आहे. तो मी आबांना सांगितला नव्हता. सोनाराला सांगावा लागत नाही. चाचांनी करवत आणली आणि ती वस्तू मी स्वतः कापली. राळेची पद्धत, आठ मायक्रॉनचं मोजमाप आणि खड्ड्याचा फोटो, सगळं जसंच्या तसं घालून अहवाल माझ्या नंबरनिशी गिऱ्हाइकाला पाठवला. मग शिक्का शेठच्या टेबलावर ठेवला आणि आबांना घेऊन बसस्टॉपवर आले.

नऊ दिवसांनी शेठचा फोन. आवाजात पुन्हा सगळा गोडवा. अहवाल वाचून गिऱ्हाइकानं सहा नवे ठोकळे पाठवले होते आणि लिहिलं होतं, पद्धत हीच, तपासणीही याच नंबरच्या शिक्क्यानं. "ताई, मी काही मनावर घेतलं नव्हतं बरं का! आणि आबांना आणा." मनावर घेतलं नव्हतं! माणसाला लाज कशी नसते याचा मला अजून अचंबा वाटतो. साहेब तर आता कुठं कुठं भाषणं देतात, खान्देशी राळेवर, चित्रांसकट. लाल आणि निळी.

आबा आले. तीच पिशवी. सहा फुलपात्रं भरली, चाचांनी सहा तासली. प्रत्येक वेळी वस्तू कापडावर आली की मी माझ्या टेबलावरून कान देऊन बसायचे. आबा वस्तू उचलायचे, फिरवून बघायचे आणि खाली ठेवायचे. बस. मी पिशवीत हळूच पाहिलं, ठसा आणलाच नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. सहाच्या सहा पास झाली. माझा शिक्का सहा वेळा पडला, शेठनी पेढे वाटले, कागदावर आबांचं नाव लिहायला रकानाच नव्हता.

गडबड ओसरली तरी आबा स्टुलावर तसेच बसून होते, हात मांडीवर ठेवून, कशाची तरी वाट बघत. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"झायं ना?" ते म्हणाले. "मंग चहा सांग माय."

उभ्या जन्मात आबांना चहा कधी मागावा लागला नव्हता.